पत्रादेवीचा पंधरा ऑगस्ट

आज देशाचा स्वातंत्र्यदिन. दिल्लीत लाल किल्ल्यावर आणि पणजीत राज्य सरकारच्या समारंभात तिरंगा फडकेल, पोलीस पथकांची मानवंदना होईल, भाषणे होतील, आणि त्या भाषणांत गोव्याचा उल्लेख येईल तो बहुधा गेल्या वर्षातील योजनांच्या संदर्भात. ह्यात गैर काही नाही. परंतु पंधरा ऑगस्ट ही तारीख गोमंतकापुरती निव्वळ राष्ट्रीय सण म्हणून संपत नाही. ह्या भूमीच्या इतिहासात ह्याच तारखेला निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या घटना घडल्या आहेत, आणि त्या एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की एकीवाचून दुसरीचा अर्थ लागत नाही. १९४७, १९५४, १९५५ आणि १९६२ ही ती चार वर्षे. राज्याच्या पंचांगात १८ जूनला क्रांतिदिन आहे, १९ डिसेंबरला मुक्तिदिन आहे, ३० मे रोजी घटक राज्य दिन आहे. १६ जानेवारी, म्हणजे १९६७ च्या जनमत कौलाचा दिवस, अनेकजण अस्मिता दिन म्हणून पाळतात. गोव्याचा स्वत:चा पंधरा ऑगस्ट मात्र देशाच्या पंधरा ऑगस्टाखाली झाकून गेला आहे. हे केवळ योगायोगाने झाले आहे, असे आम्हांस वाटत नाही.

१९४७ चा पंधरा ऑगस्ट गोव्यात उजाडला तो परक्या निशाणाखाली. त्या दिवशी चर्चच्या घंटा वाजल्या त्या मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणानिमित्त, दर वर्षी वाजत तशाच. सावंतवाडीला, बेळगावला, कारवारला तिरंगे लागले. ह्या तिन्ही ठिकाणांहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असलेल्या गोव्यात तो जवळ बाळगणे हा गुन्हा होता. लग्नपत्रिकासुद्धा सरकारी सेन्सॉरच्या संमतीवाचून छापता येऊ नये, अशी ती राजवट. आदल्या वर्षीच, १८ जून १९४६ रोजी, मडगावच्या मैदानात डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले होते आणि चार शतकांच्या मौनाला तडा गेला होता. आसोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस ह्या आपल्या बर्लिनमधील विद्यार्थिदशेतल्या स्नेह्याकडे विश्रांतीसाठी आलेला उत्तर प्रदेशातला हा पाहुणा. त्याच्या हातून क्रांतिदिन घडला. त्यानंतर धरपकड झाली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, जुझे इनासियु लोयोला ह्यांना सागरापार पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडण्यात आले. भारताचा पहिला स्वातंत्र्यदिन गोव्याच्या ह्या पुढाऱ्यांनी अटलांटिकच्या काठावरील तुरुंगात काढला. १९४७ विषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही. त्या दिवशी गोव्यात काही घडले नाही, हीच त्या दिवसाची घटना.

पुढची सात वर्षे वाट पाहण्यात गेली. पत्रे गेली, वकिलाती उघडल्या आणि मिटल्या, परंतु सालाझारचे उत्तर ठरलेले होते. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे, गोमंतकीय जनता संतुष्ट आहे, आणि जी काही चळवळ दिसते ती बाहेरच्यांनी उभी केलेली आहे. ह्या शेवटच्या वाक्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. 'बाहेरचे' हा शब्द गोव्याच्या राजकारणात प्रथम कोणी आणि कशासाठी वापरला, हे त्यावरून कळेल.

१९५४ च्या पावसाळ्यात चित्र पालटले. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, आणि पोर्तुगीजांची सत्ता हलू शकते हे लोकांना दिसले. त्या पंधरा ऑगस्टला गोव्यावर हजारो लोक चालून जाणार अशी हवा होती. परंतु भारत सरकारने गोमंतकीयेतरांना सरहद्दीवरच थोपविले. जायचे असेल तर गोमंतकीयांनीच जावे, असा निर्णय झाला. त्यामागे सालाझारच्या त्या वाक्याचा धाक होता, हे उघड आहे. मग गोमंतकीयांच्या तीन तुकड्या निघाल्या. त्यांचे नेते होते आल्फ्रेड आफोन्सो, टोनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस. तिन्ही नावे वाचल्यावर नॅशनल काँग्रेस गोवाच्या पुढाऱ्यांनी किती जाणीवपूर्वक ही निवड केली होती, हे ध्यानात येते. गोव्यातील ख्रिस्ती समाज पोर्तुगालच्या पाठीशी आहे, ह्या प्रचाराला ते दिलेले उत्तर होते.

आफोन्सोंची तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यावर गेली. ज्यांनी तो किल्ला पाहिला असेल त्यांना त्या जागेचे वैशिष्ट्य ठाऊक आहे. तेरेखोल नदीच्या दक्षिणेला पेडणे महाल आणि उत्तरेला, सिंधुदुर्गाच्या भूमीला चिकटलेला, गोव्याचा हा एवढासा तुकडा. किल्ला मूळचा वाडीकर सावंतांचा. अठराव्या शतकात तो पोर्तुगीजांनी घेतला. गोव्याच्या नकाशातून नदीने तोडून बाहेर टाकलेल्या ह्या टोकावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रह्यांनी तिरंगा चढविला आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी त्यांना पकडून नेईपर्यंत तो तेथे राहिला. एक दिवसाचे स्वातंत्र्य म्हणून कोणी त्याची थट्टा करील. परंतु निर्णायक गोष्ट अशी की त्या दिवशी वर चढले ते सर्व गोमंतकीय होते, आणि तरीही सालाझारच्या उत्तरात एका अक्षराचा फरक पडला नाही. 'आतल्यांनी' मागितले तरी नाही, 'बाहेरच्यांनी' मागितले तरी नाही. सत्तेला आतला आणि बाहेरचा हा भेद हवा असतो तो मागणाऱ्याला परतवण्यापुरता.

त्यानंतरचे वर्ष हे ह्या लेखाचे खरे प्रयोजन आहे.

पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीने अखिल भारतीय सत्याग्रहाची हाक दिली. 'केसरी'चे जयंतराव टिळक तिच्या अग्रभागी होते. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी गोव्यात शिरली. गोरे ह्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मागोमाग शिरूभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, मधू लिमये, बंगालचे त्रिदिबकुमार चौधरी, असे एकामागून एक पुढारी आपापली माणसे घेऊन गेले आणि आग्वादच्या तुरुंगात पोचले. ही नावे एका ओळीत लिहिताना आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. त्यांत समाजवादी आहेत, जनसंघाचे आहेत, क्रांतिकारी समाजवादी आहेत. पुढे त्यांत कम्युनिस्टही सामील झाले. एरवी एका व्यासपीठावर बसण्यास ज्यांनी नकार दिला असता, ती माणसे तुरुंगात एकमेकांच्या शेजारी निजली. बहुतेकांना सरहद्द ओलांडताच बेदम मारहाण झाली. त्यांच्यापैकी कोणाचेही गोव्यात घर नव्हते, शेत नव्हते, मतही नव्हते.

ह्याच वर्षाच्या आरंभी अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलीस कोठडीतील छळाने मृत्यू पावले होते. एप्रिलमध्ये सुधाताई जोशी म्हापशात जाहीर सभा घेताना पकडल्या गेल्या होत्या. म्हणजे गोमंतकीय घरात बसले होते आणि बाहेरच्यांनी येऊन त्यांना जागे केले, असा अर्थ कोणी काढू नये. आत सोसणारे होते, म्हणूनच बाहेरून येणाऱ्यांना वाट सापडली. बेळगाव, सावंतवाडी, बांदा, कारवार येथे ज्या छावण्या उभ्या राहिल्या, तेथे येणाऱ्याला रस्ता दाखवणारा, भाकरी घालणारा माणूस सीमेवरचा होता, आणि सीमेवरच्या माणसाचे अर्धे गणगोत नेहमीच गोव्यात असते.

१५ ऑगस्ट १९५५ उजाडला तो श्रावणातल्या पावसात. बांद्याहून पत्रादेवीकडे, तेरेखोलच्या बाजूने, खाली पोळेच्या सीमेवर आणि घाटमाथ्यावरील कॅसलरॉकच्या रेल्वेमार्गाने हजारो सत्याग्रही निघाले. कोणाच्याही हाती शस्त्र नव्हते. असलाच तर तिरंगा होता. कॅसलरॉकहून उतरणाऱ्यांची वाट रेल्वेच्या बोगद्यांतून जात होती. पत्रादेवीला रस्ता झाडीतून सीमेपर्यंत येतो. त्या पलीकडे पोर्तुगीज पोलीस आणि सैनिक बंदुका रोखून बसलेले होते. सत्याग्रही ओळींनी पुढे गेले, गोळीबार सुरू झाला. पडलेल्यांना उचलून मागे आणायचे आणि मागच्या ओळीने पुढे व्हायचे, असे ते चालले. दिवस मावळेपर्यंत ठिकठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मरण पावले. जखमींची संख्या त्याच्या कितीतरी पट होती.

मृतांची आणि जखमींची गावे आम्ही येथे सांगतो. पंजाबातील लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचे कर्नैलसिंग, पंचविशीतले शिक्षक, पत्रादेवीला गोळी लागून गेले. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ आपल्या तुकडीच्या अग्रभागी पडले. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबातले ते कार्यकर्ते. राजस्थानातील कोट्याचे पन्नालाल यादव गेले. हिरवे गुरुजी गेले. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोद्राबाई राय ह्यांनी हातातला ध्वज खाली पडू दिला नाही. त्यांना गोळ्या लागल्या, त्या वाचल्या आणि पुढे सागरमधून लोकसभेवर निवडून गेल्या. पुण्याचे कम्युनिस्ट पुढारी विष्णुपंत चितळे ह्यांची तुकडी ह्याच मोर्च्यात होती. इसरूत आजही दर पंधरा ऑगस्टला कर्नैलसिंगांच्या नावाने शासकीय समारंभ होतो. दोन हजार किलोमीटरांवरच्या त्या खेड्यात गोवा हे नाव दर वर्षी उच्चारले जाते. गोव्यात इसरू हे नाव किती शाळकरी मुलांनी ऐकले आहे?

पुढचा इतिहास त्रोटक सांगितला तरी चालेल, कारण तो राजधानीतला इतिहास आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ पडला, दंगल झाली, पोलिसांना गोळीबार करावा लागला. पंडित नेहरूंच्या सरकारने सप्टेंबरात सामुदायिक सत्याग्रहाला बंदी केली, पणजीतील भारतीय वकिलात बंद केली आणि सीमा मिटल्या. सरकारचे धोरण शांततेचे होते, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती धरसोडीची. १९५४ मध्ये बाहेरच्यांना अडविणारे सरकार १९५५ मध्ये त्यांना निःशस्त्र पुढे जाऊ देते आणि ते मेल्यानंतर पुन्हा अडविते. ह्या तिन्हींत सुसंगती कोणती? गोळ्या खाणाऱ्या माणसाला आपल्या पाठीशी आपले सरकार आहे की नाही हे कळण्याचा अधिकार होता, आणि तो त्याला मिळाला नाही.

नाकेबंदीची झळ पोर्तुगिजांना फार थोडी लागली. खनिजाच्या निर्यातीवर त्यांनी तग धरला, बाजारात हॉलंडचे बटाटे आले. झळ लागली ती मुंबईतल्या मुलाच्या मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या सासष्टीतल्या आणि बार्देशातल्या म्हाताऱ्या आईबापांना, आणि ज्या मुलींची माहेरे बांद्याला किंवा कारवारला होती त्यांना. मुक्तीला त्यानंतर आणखी सहा वर्षे लागली आणि अखेर सैन्यच धाडावे लागले.

नेहरूंवरील ही टीका आम्ही करतो ती करण्याचा अधिकार कोणाही अभ्यासकाला आहे. परंतु ती करण्याची वेळही काही सांगून जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये, गोवा विधानसभेच्या मतदानाला आठवडाही उरला नसताना, पंतप्रधानांनी राज्यसभेत १९५५ च्या सत्याग्रह्यांची आठवण काढली आणि नेहरूंनी त्यांच्या मदतीला सैन्य धाडले नाही ह्यावर बोट ठेवले. विरोधी बाकांवरून नेहरूंचे समर्थन झाले. हुतात्मे दोन्ही बाजूंच्या भाषणांत होते, आणि दोन्ही बाजूंना ते दुसऱ्याला मारण्याच्या दगडाइतकेच उपयोगी होते. मतदान झाले आणि ते पुन्हा पत्रादेवीला परतले.

१५ ऑगस्ट १९६२. मुक्त गोव्यातला पहिला स्वातंत्र्यदिन. मेजर जनरल कँडेथ ह्यांची लष्करी राजवट जूनमध्ये संपली होती, नायब राज्यपाल शिवशंकर आले होते, बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव भारतीय संघराज्याचे अंग झाले होते. पंधरा वर्षांच्या विलंबाने पणजीत ह्या तारखेला तिरंगा चढला. त्या दिवसाच्या आनंदाला एक उणीव होती. मोहन रानडे अद्याप पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

रानडे मूळचे सांगलीचे. नाव मनोहर आपटे. मोहन रानडे हे चळवळीतले नाव. सावईवेरे येथे मराठी शिकवण्याच्या निमित्ताने ते गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती येथील पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, लिस्बनला नेण्यात आले. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आत होते. पहिली विधानसभा निवडून आली, भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ बसले, तेव्हाही ते आतच होते. जनमत कौल झाला, त्यात गोव्याने १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय केला, तेव्हाही ते आत होते. त्यांची सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. तेलो माश्कारेन्यश ह्या गोमंतकीय कवीला तर १९७० पर्यंत थांबावे लागले. रानडे २०१९ मध्ये पुण्यात निवर्तले. ज्या भूमीसाठी त्यांनी तारुण्यातली तेराहून अधिक वर्षे कोठडीत काढली, तिच्या आजच्या राजकीय परिभाषेत त्यांना कोणता शब्द लागू पडतो, असा प्रश्न पडावा अशी वेळ आली आहे.

तो शब्द आहे 'भायलो'. हल्ली तो सभांतून, चहाच्या दुकानांतून, भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितींतून सारखा ऐकू येतो. त्यामागील भीती खोटी नाही, हे आम्ही प्रथम नमूद करतो. डोंगर कापले जात आहेत, शेते भरावाखाली जात आहेत, किनाऱ्याच्या गावांत मूळ रहिवाशाला घरासाठी जागा परवडेनाशी झाली आहे. १९६७ मध्ये आपले वेगळेपण मतपेटीतून राखणाऱ्या जनतेला आपण आपल्याच गावात अल्पसंख्य होऊ असे वाटू लागले, तर तिला संकुचित म्हणून हिणविणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ह्या पत्राच्या वाचकांत त्या कौलात दोन्ही बाजूंना मत देणारी घराणी आहेत. तो वाद आम्ही उकरून काढणार नाही.

परंतु ह्या भीतीवर जो उपाय सुचविला जातो त्याकडे नीट पाहिले पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ ही रेषा ओढावी, ज्याचे पूर्वज त्यापूर्वी येथे होते तोच गोमंतकीय, अशी व्याख्या कायद्यात घालावी, ही मागणी गेली काही वर्षे जोर धरून आहे. एक पक्ष तिच्यावर विधानसभेत पोचला. सरकारपक्षानेही ह्या विषयात सुसंगती दाखविली असे नाही. २०२१ च्या जुलैमध्ये तीस वर्षे राहणाऱ्याला 'भूमिपुत्र' ठरविणारे विधेयक चर्चेवाचून संमत झाले, आणि गहजब होताच ते बासनात गेले. भूमिपुत्र हा शब्द इतका स्वस्त करण्याला लोकांनी विरोध केला तो योग्यच होता. त्यावरचा उतारा म्हणून रक्ताचा दाखला मागणे मात्र योग्य नव्हे.

ही डिसेंबर १९६१ ची रेषा आणखी एके ठिकाणी उपयोगी पडते, आणि तो योगायोग आम्हांस मोठा बोचक वाटतो. पोर्तुगालच्या राष्ट्रीयत्वासाठी अर्ज करताना आपला किंवा आपल्या आईबापांचा, आजाआजींचा जन्म त्या तारखेपूर्वी गोव्यात झाला होता, हेच सिद्ध करावे लागते. हजारो गोमंतकीयांनी ते सिद्ध केले आहे आणि त्या पारपत्रावर ते इंग्लंडात, स्विंडनसारख्या शहरांत, कामाला गेले आहेत. पोटासाठी गेले, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण तेथे ते भायले आहेत. त्यांच्या आधीच्या पिढ्या मुंबईला धोबीतलावच्या कुडींत राहिल्या तेव्हाही त्या भायल्याच होत्या. मुंबईने त्यांना ठेवून घेतले, आणि तेथल्याच पैशावर सासष्टीतल्या किती घरांना कौले चढली, हे त्या घरांना ठाऊक आहे. भायलेपण ज्याच्या घरात तीन पिढ्या पाहुणे नाही, असे कुटुंब गोव्यात शोधून काढावे लागेल. एकच तारीख, एकीकडे पोर्तुगीज पारपत्राची पात्रता ठरविते आणि दुसरीकडे अस्सल गोमंतकीयाची. आणि कर्नैलसिंग, महाकाळ, रानडे दोन्हीकडून अपात्र.

जमिनीचे म्हणाल तर ती सीमेवरून कोणी ढकलून नेली नाही. नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) हे कलम आणि २०२४ मध्ये ३९ अ हे कलम कोणी घातले? शेतजमिनीचे, डोंगरउताराचे तुकडे निवासी विभागात बदलून देण्याचे दरवाजे ह्या कलमांनी उघडले. १७(२) खालचे नियम पुढे उच्च न्यायालयाने रद्द ठरविले, तेही गोव्यातल्याच काही संस्थांनी आणि नागरिकांनी न्यायालयाची पायरी चढल्यामुळे. विकणारा, मध्यस्थ, रूपांतराची शिफारस करणारा, विधानसभेत हात वर करणारा, ह्यांतील बहुतेकजण सगळ्या व्याख्यांप्रमाणे अस्सल आतले असतात. दिल्लीचा धनिक विकत घेतो हे खरे. त्याला विकत घेता येईल अशी व्यवस्था करणारा पेडणे ते काणकोण ह्यांच्या मधलाच कोणीतरी आहे. त्याला सोडून मडगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या कर्नाटकच्या बाईला किंवा विटा वाहणाऱ्या ओडिशाच्या मजुराला भायलो म्हणण्याने डोंगर वाचणार नाहीत. आणि तसे म्हटले गेले की खऱ्या खरेदीदाराला आणि विक्रेत्याला हायसे वाटते, हेही आम्ही पाहतो आहोत.

स्थलांतरितांच्या प्रश्नावर कायदे करावे लागतील, जमिनीच्या हस्तांतरावर बंधने घालावी लागतील. हिमाचल प्रदेशाने बिगरशेतकऱ्याच्या खरेदीवर जी बंधने घातली तशा स्वरूपाचा विचार गोव्यानेही करायला हरकत नाही. ती बंधने व्यवहारावर असावीत, जन्मावर नव्हेत. पूर्वज कोठले, हे विचारणारा कायदा पत्रादेवीच्या स्मारकाजवळून जाणाऱ्या रस्त्याने आत येऊ शकत नाही. निदान त्या स्मारकाकडे पाहून तरी येऊ शकत नाही.

ते स्मारक राष्ट्रीय महामार्गालगत आहे. मुंबईकडून येणारी वाहने तेथून गोव्यात शिरतात आणि परतताना तपासनाक्यावर थांबतात. पर्यटकाला ही जागा ठाऊक असते ती नाका म्हणून. आमची राज्य सरकारकडे मागणी मोठी नाही. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला पत्रादेवी, तेरेखोल, कॅसलरॉक आणि अन्य ठिकाणी कामी आलेल्या प्रत्येकाचे नाव, वय, व्यवसाय आणि गाव असलेली एक अधिकृत यादी तयार व्हावी. मृतांचा आकडासुद्धा निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळा दिला जावा, ही सात दशकांनंतर शोभणारी गोष्ट नव्हे. ही यादी दर वर्षी ह्या दिवशी पणजीच्या समारंभात वाचली जावी. वीस-तीस नावे वाचायला पाच मिनिटे पुरतात. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ती गावांसह छापली जावी आणि मुलांना नकाशावर इसरू, उज्जैन, कोटा, सागर दाखविले जावे. कॅसलरॉक आज कर्नाटकात आहे. तेथील बोगद्यापाशी मरण पावलेल्यांसाठी कर्नाटक सरकारशी बोलून काय करता येईल ते पाहावे.

आणि हे काम लवकर हाती घ्यावे. त्या दिवशी बांद्याच्या रस्त्यावर डोल्यांतून आणलेली माणसे ज्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली, ज्यांच्या घरांच्या पडव्यांत जखमी निजविले गेले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत किंवा पलीकडे गेले आहेत. बांदा, सातार्डा, आरोंदा, तेरेखोल, पेडणे ह्या गावांत पुराभिलेख खात्याने दोन माणसे आणि ध्वनिमुद्रणाचे एक यंत्र पाठवायचे आहे.